कोरेगाव पार्कचा मुक्काम आणि कऱ्हाडचे पाव्हणं

सन दोन हजार पंचवीस. माझं वय शहात्तर. या वर्षी फेब्रुवारीत मी प्रवासाला गेलो. कुठं, तर बिबवेवाडीहून कोरेगाव पार्कला.

हसून घ्या. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या वार्षिक अंकात दरवर्षी कोणी दुबई लिहितं, कोणी युरोप लिहितं आणि सोबत बर्फात कानटोपी घालून काढलेला फोटो छापतं. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. आजवर काही लिहिलं नाही, कारण कुठं गेलोच नाही. पण यंदा मी जिथं गेलो तिथं संघातलं कोणी गेलेलं नाही, हे छातीठोक सांगतो. रिक्षानं पाऊण तासाचा रस्ता, तरी परदेशच तो. शुद्धलेखन चिटणीसांनी खुशाल तपासावं. मजकुराला हात लावायचा नाही.

बेत

माझं गाद्यांचं दुकान सगळ्यांना माहीत आहे. निम्म्या संघाच्या पाठी रात्री माझ्याच गाद्यांवर टेकतात. माझा मुलगा मिलिंद सिंगापूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. एकुलता एक. त्याची आई आता नाही. मिलिंदनं लग्न केलं नाही, असं मी तुम्हा सगळ्यांना सांगत आलो. ते तितकं खरं नाही. तो सागर नावाच्या माणसाबरोबर राहतो. दोघांचा संसार आहे, भांडीकुंडी, हप्ते, रुसवेफुगवे, सगळं तुमच्याआमच्यासारखं. मिलिंदनं हे मला मागंच सांगितलं होतं. मी ‘बरं’ म्हणालो होतो आणि तिकडं पाऊस कसा आहे ते विचारलं होतं. पुढं फोनवर ‘तो कसा आहे’ एवढंच विचारायचो. नाव घ्यायचो नाही.

जानेवारीत मिलिंदचा फोन आला. “बाबा, माझी लंडनला बदली झाली. तिकडं जाताना वाटेत दोन रात्री पुण्यात थांबतोय. आम्ही दोघं.”

“मग या. घर आहे.”

“घर दोन खोल्यांचं आहे, बाबा. कोरेगाव पार्कात हॉटेल घेतोय. तुमचीपण खोली घेतो.”

“मला कशाला खोली? मी काय पुण्यात परका आहे?”

“कोरेगाव पार्कात कितीदा गेलायत?”

एकदा गेलो होतो, गादी पोचवायला. मागच्या दारानं. हे मी त्याला सांगितलं नाही. “घे खोली,” म्हणालो.

मग त्याच्या हातातून दुसऱ्याच कोणी फोन घेतला. आवाज जाड, पण मऊ. “काका, नमस्कार. सागर बोलतोय. बेत सगळा मीच करतोय. तुम्ही फक्त हॉटेल निवडून द्या. तीन ठिकाणचे फोटो पाठवतो.”

मला वाटलं, थट्टा करतोय. पण आले फोटो, मिलिंदच्याच फोनवरून. पोहण्याचे तलाव, झुंबरं, काचेच्या न्हाण्या. मी त्यातलं काही पाहिलं नाही, पलंग तेवढे पाहिले. पहिल्याच्या गादीला मधोमध झोळ होता. तिसऱ्याची फोटोतच कळत होती, वर मऊ आणि आत लाकूड. मी दुसरं सांगितलं. त्यानं एका शब्दानं वाद न घालता दुसरं घेतलं. एवढ्या महागड्या हॉटेलचा सौदा माझ्या शब्दावर झाला, याचा मला नाही म्हटलं तरी अभिमान वाटला.

“पहिल्या संध्याकाळी तिथं जवळच एका गच्चीवर नाचगाणं असतं,” सागर म्हणाला. “तेव्हा तुम्ही खोलीत आराम करा.”

“आराम कशाला? म्हातारा झालोय, आजारी नाही. मीही येणार.”

“काका, तिथं सगळे आमच्यासारखेच असतात हो. पुरुष पुरुषांबरोबर नाचतात.”

“ऐकलं मी. येणार म्हणालो ना.”

पलीकडं मिलिंद हसल्याचं ऐकू आलं. “आता विषय संपला,” तो त्याला म्हणाला. “बाबांनी येणार म्हटलं म्हणजे येणार.”

“मग दुसऱ्या दिवसाचा बेत तुमचा,” सागर म्हणाला.

“सकाळी मंडई,” मी म्हणालो. त्याला अंजीर फार आवडतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. माझी आपली मंडई ठरलेली.

लंडनला थंडी म्हणून मी दुलई भरायला घेतली. चांगला कापूस, वर फुलाफुलांचा मलमल. कापड अंथरलं आणि कापलं. एकेरी मापाचं. जन्मभर नवराबायकोच्या दुलया दुहेरी कापल्या, त्यात कधी चूक झाली नाही. इथंही चूक नव्हती.

हॉटेल

स्वारगेट, कॅम्प, स्टेशन, मग रेल्वेच्या रुळांवरचा पूल. पूल उतरलं की झाडं मोठी होतात आणि माणसं कमी. दुकानांच्या पाट्या वाचता येत नाहीत. हॉटेलच्या फाटकाशी मिशीवाला दरवान उभा होता. मिशी अशी की पूर्वी सरदारांना शोभली असती. त्यानं माझी दुलईची वळकटी बॅगा तपासायच्या यंत्रात घातली. पलीकडून बाहेर आली. आत कापूसच निघाला.

“काय आहे बाबा हे?” त्यानं विचारलं.

“तुमच्या गादीवर भरवसा नाही म्हणून आणलीय,” मी म्हणालो. तो हसला नाही. त्याला हसायची परवानगी नसावी.

आत इतकं थंड की घाम मागं फिरला. एका मुलीनं चिमट्यानं ओला रुमाल दिला. मी तोंड पुसलं, मान पुसली, काखेकडं हात जाणार तेवढ्यात मिलिंद समोर आला. केस पिकलेत त्याचे. त्याच्यामागं चष्मा लावलेला, टक्कल पडलेला, अंगानं भरलेला एक माणूस हात जोडून उभा होता. माझ्या मनात सागर म्हणजे कोणी नटवा, कानात बाळी घातलेला. हा तर सहकारी बँकेतला कॅशियर वाटत होता.

काउंटरवरच्या मुलीला आमची ओळखपत्रं हवी होती. तिनं गोड आवाजात विचारलं, “आजोबा, हे दोघं आपले कोण?”

“हा माझा मुलगा,” मी म्हणालो. मग सागरकडं बघितलं. मित्र म्हणवेना. नाव तोंडात येईना. दुकानात गिऱ्हाइकाचं नाव आठवलं नाही की मी जे म्हणतो ते तोंडून गेलं. “आणि हे आमचे पाहुणे.”

सागरनं चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. मग त्या चकचकीत फरशीवर सगळ्यांदेखत वाकून तो माझ्या पाया पडला.

“मामा,” तो म्हणाला.

तो कऱ्हाडचा. त्यांच्याकडं जावयाला पाव्हणं म्हणतात आणि जावई सासऱ्याला मामा म्हणतो. मला हे माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. माझं आजोळ वाईचं. मिलिंद खाली बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. माझ्या एका हातात ओला रुमाल, काखेत दुलई. त्या घडीला ‘तसं नव्हे हो’ म्हणणं सोपं होतं. मी म्हणालो नाही. मोठेपणानं नाही, गोंधळून. पण बरं वाटलं हेही खरं. पुष्कळ दिवसांत माझ्या पाया कोणी मनापासून पडलं नव्हतं.

लिफ्टमध्येच त्यानं कऱ्हाडला आईला फोन लावला. आनंदात त्याची भाषाही कऱ्हाडला गेली. “आये, मिलिंदच्या वडलांनी मला पाव्हणं म्हटलं!”

फोनमधून म्हातारीचा आवाज चौघांना पुरेल इतका मोठा. “व्हय? मग टावेल-टोपी दिली का?”

“न्हाय अजून.”

“मग कसलं पाव्हणं! सांग त्यास्नी, आमचं पोरगं काय रस्त्यावर पडलंया का?”

मिलिंद हसून भिंतीला टेकला. मीही हसलो. फोनकडं तोंड करून म्हणालो, “देऊ, देऊ.” हे मी बोललो. लिफ्टमध्ये आम्ही तिघंच होतो, म्हणजे कोणी ऐकलं नाही असं मी पुढं स्वतःला पुष्कळ समजावलं. पण तिघांनी ऐकलंच की.

खोलीचं वर्णन करायला हवं, कारण तुम्ही गेला नाहीत. किल्ली नाही, पत्त्यासारखं कार्ड. ते भिंतीतल्या खाचेत घातलं की दिवे लागतात. मी ते जपून खिशात ठेवायला काढलं तर सगळा अंधार. बाहेर कोणाला तरी विचारायला गेलो तर मागं दार बंद, कार्ड आत पडलेलं, मी बनियनवर. समोरून एक गोरी बाई कुत्र्याच्या पिल्लाला कडेवर घेऊन आली आणि मला ‘गुड ईव्हनिंग’ म्हणाली. मीही म्हणालो. न्हाणीला भिंतीऐवजी काच. पलंगावरून माणूस आंघोळ करताना दिसावा अशी सोय कोणाच्या डोक्यातून निघाली, देव जाणे. पडद्याचं बटण सापडेपर्यंत मी आंघोळच केली नाही. गादी मात्र चांगली होती. मी चारही कोपरे दाबून पाहिले. निवड चुकली नव्हती.

त्यांच्या खोलीत मी दुलई उलगडली. सागरनं ती दोन्ही हातांनी चाचपली, गालाला लावली. मग पलंगावर पसरली. तेवढ्या मोठ्या पलंगाच्या मधोमध ती एखाद्या पट्ट्यासारखी दिसली.

“मामा, ही एकाचीच झाली की,” तो हसत म्हणाला. “लंडनच्या थंडीत रोज मारामारी व्हायची.”

“कापूस तेवढाच होता,” मी म्हणालो.

गादीवाल्याच्या दुकानात कापूस तेवढाच होता. मिलिंदनं माझ्याकडं पाहिलं आणि दुलईची घडी घालायला घेतली.

गच्ची

आठ वाजता आम्ही चालतच गेलो. एका इमारतीचा वरचा मजला, वर आभाळ. दारात मनगटावर शिक्का मारतात, आठवडी बाजारात जनावरांवर मारतात तसा, पण फुलाचा. आत दिवे निळे-जांभळे आणि गाणी अशी की छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात. मला कोपऱ्यात खुर्ची दिली, लिंबूपाणी दिलं. लिंबूपाण्याची किंमत सागरनं मला कळू दिली नाही.

काय होतं तिथं? पुरुष पुरुषांबरोबर नाचत होते. पोरी पोरींबरोबर. काही नुसतेच उभे होते, लग्नात नवऱ्या मुलाचे मित्र उभे असतात तसे. मी डोळे फाडून बघत होतो, लपवत नाही. थोड्या वेळानं मात्र बघण्यासारखं नवीन काही उरेना. घाम, हसणं, कोणाचा तरी चष्मा पडला म्हणून सगळ्यांचं खाली वाकून शोधणं. गणपतीच्या मिरवणुकीत यापेक्षा वाईट नाचतात.

मग दाढीवाला एक तगडा गडी नऊवारी नेसून, नाकात नथ घालून लावणीला उभा राहिला. नाचला मात्र जोरात. नंतर पदर खोचत माझ्याकडं आला. “काका, कसं दिसतंय? खरं सांगायचं.”

“काष्टा सैल आहे,” मी म्हणालो. “आणखी एक गिरकी घेतली असतीस तर अब्रू गेली असती.”

तो इतका हसला की नथ सुटली. “आई असती तर हेच म्हणाली असती,” म्हणाला, आणि तिथंच काष्टा घट्ट करून घेतला.

सागर एकेकाला आणून माझ्यासमोर उभं करत होता. “हे माझे सासरे.” दर वेळी तेच. “माझे सासरे. बिबवेवाडीचे. फोटो बघून त्यांनीच हॉटेल निवडलं.” आणि लोक पाया पडत होते. शिकलेले, चांगल्या कपड्यातले लोक. मी दर वेळी हात वर करत होतो. एक जण माझ्यापाशी खुर्ची ओढून बसला, पन्नाशीचा असेल, सरकारी कचेरीतला. मग म्हणाला, “माझे वडील येरवड्याला राहतात. इथून नदीवरचा पूल ओलांडला की घर. त्यांना मी कुठं जातो ते माहीत आहे. कधी विचारलं नाही त्यांनी.”

“तुम्ही सांगायचं,” मी म्हणालो.

“सांगून झालंय, काका. ते बरं म्हणाले.”

त्यानं माझ्यासाठी आणखी एक लिंबूपाणी मागवलं. मला ते संपवता आलं नाही.

दहाच्या आत आम्ही परतलो. वाटेत सागर माझा हात धरून रस्ता ओलांडत होता. मला धरायची गरज नव्हती. मी धरू दिला.

मंडई

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात न्याहारी. चांदीसारख्या भांड्यात पोहे आणि त्यावर डाळिंबाचे दाणे. मिसळ एवढ्याशा कपात, चमचा बाहुलीचा. चहासाठी पाणी वेगळं, दूध वेगळं, पुडी वेगळी. आपला आपण जमवायचा. मी म्हणालो, “एवढे पैसे घेऊन चहा गिऱ्हाइकालाच करायला लावतात?” वाढणाऱ्या पोरीला बिचारीला हसू आवरेना. मिलिंदनं कपाळाला हात लावला. छान चाललं होतं. त्या दिवसाची ती न्याहारी मला फार आठवते.

मंडई माझ्या हद्दीत येते. पोरवयात मी तिथं जवळच एका पिंजाऱ्याच्या हाताखाली कापूस पिंजायला होतो. केसांत, भुवयांत कापूस घेऊन मंडईत भजी खायला जायचो. ते सगळं मी दोघांना दाखवत होतो. सागर विचारत होता आणि मी सांगत होतो, शहाण्यासारखा. अंजीर आले होते. पानांवर मांडलेले, जांभळे, एकेकावर सकाळचा गारवा. सागर पोरासारखा धावला. “मामा, हे बघा! मामा, किती घ्यायचे?”

“मामा?” मागून कोणी तरी म्हणालं.

जगन्नाथराव. आपल्या संघाचे. बिबवेवाडीत येऊन इतकी वर्षं झाली तरी भाजी मंडईतूनच नेणारे. शनिवार पेठेत वाढलेला माणूस, बोलणं त्याच पेठेचं, सासुरवाडी मात्र साताऱ्याकडची. हातात मेथीची जुडी.

“मिलिंद ना हा? मोठा झाला. आणि हे कोण, भाचे का?”

“नाही, पाहुणे,” मी म्हणालो.

“पाहुणे? आणि तुम्हाला मामा म्हणतायत?” जगन्नाथरावांनी भुवया वर नेल्या. “म्हणजे जावई! अहो, मग मुलगी कुठं दडवली होतीत इतकी वर्षं? का गादीत शिवून ठेवली होती?”

अंजीरवाली हसली. शेजारचा पेरूवाला हसला. जगन्नाथरावांना आपलं बोलणं आवडलं की ते आजूबाजूला बघतात, तसं त्यांनी बघितलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना काही माहीतच नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढं संघाचा हॉल आला, संध्याकाळचा चहा आला, आणि हेच वाक्य तिथं पुन्हा होताना मला ऐकू आलं.

“जावई कसले!” मी मोठ्यानं म्हणालो. गरजेपेक्षा मोठ्यानं. “मिलिंदच्या ओळखीचे आहेत. पाहुणे म्हणजे पाहुणे. दोन दिवस आलेत, उद्या जातील.”

“असं होय,” जगन्नाथराव म्हणाले, आणि त्यांनी अंजिरांचा भाव विचारला.

सागरनं हात जोडले. “हो, वाटेत थांबलोय फक्त,” तो त्यांना हसून म्हणाला. माझी लाज त्यानं झाकली. मग अंजिरांची पुडी घेतली, पैसे दिले आणि माझ्याकडं वळला.

“काका, पिशवी इकडं द्या. जड आहे.”

काका.

मी पिशवी दिली.

जगन्नाथराव, तुम्ही हे वाचत असाल. तुमचा राग नाही. तुम्ही विचारलंत, ते रीतीला धरून होतं. उत्तर द्यायचं काम माझं होतं. ते मी चुकीचं दिलं. म्हणून आता इथं बरोबर लिहितो, सगळ्यांदेखत, कारण चुकीचं दिलं ते सगळ्यांदेखतच. ते माझे जावई आहेत. मुलगी दडवली नव्हती. मुलगाच होता.

निरोप

परतताना आम्ही गाडी केली. स्टेशनजवळचा पूल चढताना मिलिंद म्हणाला, “काल रात्री तो सगळ्यांना तुमची ओळख सासरे म्हणून करून देत होता. तुम्ही काही बोलला नाहीत.”

“गाणी मोठ्यानं लावली होती.”

“ऐकू येत नव्हतं?”

येत होतं. मी खिडकीबाहेर बघितलं.

“रूळ ओलांडले की नातं बदलतं का, बाबा?”

“राहू दे, मिलिंद,” सागर पुढच्या सीटवरून म्हणाला. “मला कळायला हवं होतं. पुण्यात पाहुणे म्हणजे पाहुणेच. चूक माझ्या गावाची.” आणि हसला. त्याचं ते हसणं मला सोसवेना.

इथं एक शब्द पुरला असता. आपल्याकडं माणसाला तोंड आहे ते कशासाठी? पण मी जसा आहे तसा आहे. चुकलो हे कळलं की मला आधी राग येतो, आणि तो दुसऱ्यावर येतो. हॉटेलात पोचताच मी जाहीर केलं, “मी घरी जातो. मला असल्या गादीवर झोप येत नाही.” गादी मीच निवडली होती.

“बाबा, रात्रीचं जेवण ठरलंय,” मिलिंद म्हणाला. “तिघांचं टेबल आहे. त्यानं मुद्दाम तुमच्यासाठी मराठी जेवणाचं ठिकाण शोधलंय.”

“दोघं जेवा.”

मिलिंदनं लिफ्टचं बटण दाबलं. तो माझाच मुलगा, तोही आग्रह करत नाही. सागर मात्र माझी पिशवी घेऊन खाली आला. मिशीवाल्या दरवानानं रिक्षा बोलावली. सागरनं अंजिरांची निम्मी पुडी माझ्या पिशवीत घातली, पिशवी सीटवर नीट टेकवली.

“दुलई मीच माझ्या बॅगेत घेतलीय, काका. तिकडं उपयोगी पडेल.”

“एकाला,” मी म्हणालो. काय बोलायचं होतं आणि काय बोललो.

“एकाला तर एकाला.” तो रिक्षाच्या दांडीला धरून उभा राहिला. “येतो म्हणा.”

“जातो,” मी म्हणालो.

आपल्यात कोणी असं म्हणत नाही. मीही कधी म्हणालो नाही. त्यानं दांडी सोडली आणि रिक्षा सुटली. पुलावर चढताना मी मागं वळून बघितलं. हॉटेल झाडांआड गेलं होतं. त्या रात्री त्यांच्या टेबलाची तिसरी खुर्ची आणि माझी खोली, दोन्ही रिकाम्या राहिल्या. मी घरी खिचडी टाकली, ती खाली लागली. अंजीर मात्र गोड होते. एवढे गोड की दुसरा खाववेना.

वाचणाऱ्यांनी तिकडं जाऊन यावं, असं माझं सांगणं आहे. दरवानाला घाबरू नका. कार्ड भिंतीतून काढू नका. आणि संघात कोणाचं मूलबाळ येत्या महिन्यांत लंडनला जाणार असेल तर मला निरोप द्या. एक गाठोडं पाठवायचं आहे. मोठं दिसेल, पण वजन काही नाही, आत कापूसच आहे. सोबत एक टॉवेल आणि एक टोपी. कऱ्हाडच्या म्हातारीला मी ‘देऊ’ म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं विमान होतं. मिलिंदला फोन लावला, बंद होता. सागरचा नंबर माझ्याकडं नव्हता. मी कधी मागितला नव्हता. मी दुकान उघडलं, देवाला उदबत्ती लावली आणि फळीवरचा चांगला मलमल खाली घेतला. जमिनीवर अंथरला. दोन पन्ह्यांचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

आमच्याकडं टाके घालायला शांताबाई येतात, कितीतरी वर्षं झाली. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि दारातच थांबल्या. पाय ठेवायला जागा नव्हती.

“दुहेरी?” त्या म्हणाल्या. “लग्नाची का? कोणाची ऑर्डर?”

“घरची.”

“तुमच्या घरी कोण दुहेरी पांघरणार?”

मी कात्री चालवली. कापड सरळ फाकत गेलं. मग कापूस भरायच्या आधी कोपऱ्यावर गिऱ्हाइकाचं नाव घालायची आमची रीत असते, निळ्या खडूनं, म्हणजे मालाची अदलाबदल होत नाही. मी गुडघे टेकले. मिलिंदचं नाव घातलं. त्याच्याशेजारी ‘पाहुणे’ असं लिहिलं. बघितलं. पंजानं पुसून टाकलं. आणि कऱ्हाडला म्हणतात तसं, मोठ्या अक्षरात लिहिलं: पाव्हणं.